ॲनिमेशनपटाची गाणी: चाल नंतर, आधी गातंय कोण ते ठरवा

प्रश्न एका तरुण संगीतकाराचा आहे. दीड तासाच्या मराठी ॲनिमेशनपटासाठी त्याला पाच गाणी करायची आहेत. निर्मात्याला १९९९च्या डिस्नेच्या 'टारझन'सारखा अल्बम हवाय: पात्रं गाणार नाहीत, एकच नामवंत गायक सगळी गाणी गाईल. दिग्दर्शकाचं म्हणणं, आईनं आणि पिल्लानं पडद्यावर गायलंच पाहिजे. शिवाय, अशा अल्बममध्ये एकाच गाण्याच्या दोन-दोन आवृत्त्या का असतात आणि आपणही तशा कराव्यात का, हेही त्याला जाणून घ्यायचंय.

मी बरीच वर्षं गाण्यांचं संयोजन आणि डबिंगच्या गाण्यांचं दिग्दर्शन करते, त्यामुळे अशी भांडणं स्टुडिओच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी ऐकली आहेत. थेट उत्तर द्यायचं तर दिग्दर्शकाचं ऐका, आणि निर्मात्याला त्याचा गायक एका, फार तर दोन गाण्यांत द्या. असं का म्हणते, ते 'टारझन'च्याच अल्बमवरून सांगता येईल. निर्मात्यानं तो अल्बम ऐकलाय, पण त्याची मांडणी बारकाईनं पाहिलेली दिसत नाही.

अल्बममध्ये चौदा ट्रॅक आहेत. निर्मात्याला आठवणारा तो एकच गायक म्हणजे फिल कॉलिन्स, आणि त्यानं लिहिलेली गाणी मात्र पाचच: 'टू वर्ल्ड्स', 'यू'ल बी इन माय हार्ट', 'सन ऑफ मॅन', 'ट्रॅशिन द कॅम्प' आणि 'स्ट्रेंजर्स लाइक मी'. उरलेल्या जागेत यांतल्याच तीन गाण्यांच्या वेगळ्या आवृत्त्या, 'टू वर्ल्ड्स'चे चित्रपटातले पुन्हा येणारे तुकडे आणि शेवटाकडे मार्क मॅन्सिनाच्या पार्श्वसंगीताचे चार ट्रॅक. म्हणजे पाच गाण्यांवर अख्खा अल्बम उभा आहे. 'पाच गाण्यांत अल्बम कसा होणार?' ही भीती डोक्यातून काढून टाका. पार्श्वसंगीत चांगलं असेल तर तेही अल्बममध्ये जातं, आणि गेलंच पाहिजे.

आता 'एकच गायक' या समजुतीबद्दल. पात्रांनी गायचं नाही हा निर्णय तिथे दिग्दर्शकांचा होता. त्यांतल्या केव्हिन लिमा यांनी नंतर सांगितलंय की, लंगोट लावलेला माणूस फांदीवर बसून एकदम गायला लागला तर हास्यास्पद दिसेल असं त्यांना वाटलं. बरोबरच होतं ते. म्हणून गाणी निवेदकाच्या तोंडी गेली. पण तरीही दोन ठिकाणी पात्रं गातातच. 'ट्रॅशिन द कॅम्प'मध्ये टारझनची गोरिला मैत्रीण टर्क आणि मंडळी माणसांच्या छावणीत घुसून टाइपरायटरपासून भांड्यांपर्यंत हाताला लागेल ते बडवतात, तिथे टर्कचा आवाज असलेली रोझी ओडॉनल गाते. आणि 'यू'ल बी इन माय हार्ट'ची सुरुवात कॉलिन्सची नाहीच, ती आईचा आवाज असलेल्या अभिनेत्री ग्लेन क्लोजची आहे.

हा प्रसंग कान देऊन पाहा. काला या गोरिला आईनं बाळाला बिबट्याच्या तावडीतून सोडवून आणलंय. कळपाच्या म्होरक्याला, कर्चकला, ते नकोय. रात्री बाळ रडतंय, झोपत नाही. काला जवळजवळ बोलल्यासारखी, हलक्या आवाजात गायला लागते. क्लोज ही गायिका म्हणून गात नाही, आई म्हणून गुणगुणते. थोड्या ओळी झाल्या की कॉलिन्सचा आवाज गाणं हातात घेतो, वाद्यमेळ उघडतो, आणि आतापर्यंत दोघांपुरतं असलेलं वचन सगळ्या जंगलाला ऐकू जातं. पहिल्या ओळीपासून कॉलिन्सच गात असता, तर गाणं छान झालं असतं, पण ते कुणाचंही असतं. त्या चार ओळींमुळे ते कालाचं झालं. तुमचा दिग्दर्शक 'आईनं गावं' म्हणतो तेव्हा त्याला हेच हवंय, फक्त त्याला ते संगीताच्या भाषेत मांडता येत नसेल.

अशी सोपवणी करायची तर पट्टीचा घोळ आधी सोडवा. आपल्याकडे बाईचा आवाज साधारण पेटीच्या काळी चार-पाच पट्टीत मोकळा होतो, पुरुषाचा काळी एक-दोनला. आईनं तिच्या पट्टीत सुरू केलेलं गाणं गायकानं त्याच पट्टीत उचललं, तर एक तर तो खर्जात जाऊन पुटपुटेल किंवा तारसप्तकात ओरडेल. उपाय दोन आहेत. आईला मुद्दाम खाली, बोलण्याच्या उंचीवर गायला लावायचं. किंवा मध्ये दोन-चार मात्रांचा वाद्यांचा पूल टाकून पट्टीच बदलायची. अंगाईला पहिला उपाय शोभतो, कारण झोपवणारी आई वरच्या सुरात गात नाही. पण तो करायचा तर आईचा संवाद बोलणारी अभिनेत्रीच गायला हवी, वेगळी पार्श्वगायिका आणू नका. गळा कच्चा असला तरी चालेल.

निवेदकाच्या आवाजाची गोष्ट आपल्याला नवीन नाही, हे निर्मात्याला जरूर सांगा. सचिनदेव बर्मन स्वतः गायले ते बहुतेक असंच. 'बंदिनी'तलं 'ओ रे माझी', 'गाइड'मधलं 'वहाँ कौन है तेरा', 'आराधना'तलं 'सफल होगी तेरी आराधना' ही गाणी पडद्यावरचा नायक किंवा नायिका गात नाही. वाटेवरचा, नदीवरचा कुणीतरी त्यांच्या वतीनं गातो. पण बर्मनदांनी हा आवाज चित्रपटात एकदा, फार तर दोनदा वापरला, आणि बाकीची गाणी लता, रफी, किशोर, आशा यांच्यासारख्यांकडे सोपवली. म्हणूनच तो आवाज आला की अंगावर काटा येतो. कॉलिन्सचा आवाज 'टारझन'मध्ये पुन्हा पुन्हा येतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिथे तो पातळ होतो. 'सन ऑफ मॅन'मध्ये मुलगा वेलींवरून झोके घेत घेत मोठा होतो. तिथे चित्राला फक्त वेग हवाय, आणि कॉलिन्स मुळात ड्रमर असल्यानं तो वेग त्यानं पुरेपूर दिलाय. पण 'स्ट्रेंजर्स लाइक मी'मध्ये टारझन जादूच्या कंदिलातून माणसांचं जग पहिल्यांदा पाहतोय. ते कुतूहल त्याचं स्वतःचं आहे, आणि ते बाहेरचा, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस बोलून दाखवतो. गाणं कानाला गोड आहे. पात्र मात्र थोडं लांब जातं.

याचा एक पुरावाही आहे. २००६ साली 'टारझन' ब्रॉडवेवर नाटक म्हणून आलं. संगीत कॉलिन्सचंच, गाणी वाढवलेली. तिथे पात्रं गातात. जिवंत नट समोर उभा असताना त्याच्या मनातलं दुसऱ्यानंच म्हणत राहणं रंगमंचाला परवडत नाही. ॲनिमेशनमध्ये ते खपतं, कारण चित्र हवं तिथे उडी मारू शकतं. पण खपतं म्हणजे प्रत्येक वेळी शोभतं असं नाही.

आता दोन आवृत्त्यांचं. त्याचं ठळक उदाहरण म्हणजे 'द लायन किंग' (१९९४). एल्टन जॉन आणि टिम राइस यांची गाणी चित्रपटात पात्रं किंवा पार्श्वगायक गातात, आणि त्यातली तीन एल्टन जॉनच्या स्वतःच्या आवाजात अल्बममध्ये पुन्हा येतात. 'कॅन यू फील द लव्ह टुनाइट' हे उदाहरण घ्या. एका टप्प्यावर हे गाणं टिमॉन आणि पुंबा या गमत्या जोडगोळीच्या तोंडी विनोदी म्हणून घालायचं ठरलं होतं. एल्टन जॉननं कडाडून विरोध केला. शेवटी तडजोड अशी झाली की सुरुवात आणि शेवट टिमॉन-पुंबाच्या कुरकुरीचा, मधला मोठा भाग पडद्याबाहेरच्या क्रिस्टल एडवर्ड्सच्या आवाजात, मध्ये सिंबा आणि नाला या सिंहजोडीच्या मनातल्या एकेक-दोन ओळी, आणि श्रेयनामावलीवर एल्टन जॉनची पूर्ण पॉप आवृत्ती. ही एवढी गुंतागुंत रेडिओवर कोण वाजवणार? विनोदी कुरकूर कापता येत नाही, पात्रं बदलतात, मधेच दृश्यासाठी जागा सोडलेली असते. म्हणून दुसरी आवृत्ती. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं आणि एल्टन जॉनला गायनाचं ग्रॅमी. 'टारझन'च्या बाबतीतही पुढे तेच झालं: 'यू'ल बी इन माय हार्ट'ला ऑस्कर, अल्बमला ग्रॅमी. रेडिओवर वाजत राहिली ती चार मिनिटांच्या वरची कॉलिन्सची एकट्याची आवृत्ती. चित्रपटातलं गाणं त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

तेव्हा दुसरी आवृत्ती करायची का, तर एका गाण्याची करा. पाचही गाण्यांची नको, पैसे वाया जातात आणि ऐकणारा कंटाळतो. जे गाणं चित्रपटात तुटक आहे पण ज्याचा मुखडा पक्का आहे, तेच निवडा. आणि ती फक्त गायक बदललेली प्रत नसावी. दुसरा अंतरा नव्यानं लिहून घ्या, कारण चित्रपटात त्या जागी दृश्य बोलत होतं आणि अल्बममध्ये तिथे पोकळी पडते. मिक्सही, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा समतोलही, वेगळा लागतो. चित्रपटाच्या मिक्समध्ये संवाद आणि आवाजांच्या इफेक्टना जागा ठेवून वाद्यं दाबलेली असतात, तेच जसंच्या तसं स्टिरिओत उतरवलं की गाणं अशक्त वाटतं.

अल्बम आणि चित्रपट यांत फरक असला की प्रेक्षक फसवणूक मानतात का? फारसं नाही. 'श्रेक'मध्ये (२००१) 'हालेलुया' जॉन केलच्या आवाजात आहे आणि अल्बममध्ये तेच गाणं रुफस वेनराइटचं. कित्येकांच्या ते लक्षातही आलं नाही.

तिसरी वाटही आहे, आणि तुमच्या कथेत जागा असेल तर मला ती सगळ्यात ताजी वाटते: गाणं कथेच्या जगातच वाजतंय. 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये (२०१८) पोस्ट मलोन आणि स्वे ली यांचं 'सनफ्लावर' नायक माइल्सच्या कानातल्या हेडफोनमध्ये वाजत असतं. तो ते बरोबर गुणगुणतो, पण शब्द येत नाहीत तिथे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून पुढे जातो. त्या पुटपुटण्यातून मुलगा कसा आहे ते कळतं. आणि गाणं मात्र पूर्ण पॉप राहतं, त्याला कथेचं एक अक्षरही सांगावं लागत नाही. चित्रपट डिसेंबरात आला, गाणं ऑक्टोबरातच बाहेर होतं, आणि जानेवारी २०१९मध्ये ते अमेरिकेच्या हॉट १०० यादीत पहिलं आलं. २०२५च्या 'केपॉप डेमन हंटर्स'नं याच वाटेचं पुढचं टोक गाठलं: पात्रंच पॉपस्टार आहेत, त्यामुळे त्यांनी गाणं हे त्यांचं कामच. तिथे नायिका रुमीचे संवाद आर्डन चोचे आणि गाणं ईजेचं. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला यात काही विशेष वाटायचं कारण नाही. पण ईजे ही 'गोल्डन'ची सहलेखिकाही आहे, हे लक्षात घ्या. ज्यानं गाणं रचलं त्याच्याच गळ्यात ते सगळ्यात चांगलं बसल्याची उदाहरणं आपल्याकडेही ढिगानं आहेत.

आता कामाच्या दोन गोष्टी, ज्या चाल बांधण्याआधीच ठरवायला हव्यात.

पहिली, लय. ॲनिमेशनमध्ये गाणं आधी आणि चित्र नंतर. चित्रीकरण झालेल्या दृश्यावर गाणं बसवायची सवय इथे चालत नाही. एकदा ॲनिमेटरनं तुमच्या स्क्रॅचवर, म्हणजे कच्च्या ध्वनिमुद्रणावर, काम सुरू केलं की लय बदलणं म्हणजे पैशांचा चुराडा. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर मिनिटाला १४४० होतात. लय १२०, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, ठेवली तर एका मात्रेला नेमक्या १२ फ्रेम. ९६ला १५, ९०ला १६, ८०ला १८. पण ११० ठेवलीत तर १३.०९ फ्रेम. कुणी तेरा धरून काम केलं, तर चार-चार मात्रांच्या सोळा आवर्तनांत, म्हणजे चौसष्ट मात्रांत, जवळजवळ सहा फ्रेमचा फरक पडतो. म्हणजे पाव सेकंद. एवढ्यात टाळीचा आवाज आणि डोळ्यांना दिसणारी टाळी वेगळी पडते. १२ फ्रेमची मात्रा मला सगळ्यात लाडकी आहे, कारण बाराला दोनानं, तीनानं आणि चारानं भाग जातो. केरव्याचं चालणंही त्यात बसतं आणि दादऱ्याचं झुलणंही, आणि ॲनिमेटरला अर्ध्या फ्रेमचं कोडं पडत नाही. तुमचं काम टीव्हीसाठी २५ फ्रेमवर होणार असेल तर हिशेब बदलतो: तिथे १२५ला १२ आणि १००ला १५ फ्रेम येतात, आणि आपली १२० साडेबारावर अडकते. तेव्हा पहिल्याच बैठकीत 'किती फ्रेम?' विचारा. (जाता जाता: २४ फ्रेमचे चित्रपट आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या व्हिडिओवर उतरवताना बहुतेकदा चार टक्के जलद चालवले जात. त्यामुळे लहानपणी व्हीसीडीवर पाठ केलेली गाणी आता मूळ अल्बममध्ये किंचित उतरलेली वाटली, तर कानांवर संशय घेऊ नका. जवळजवळ पाऊण अर्धस्वराचा फरक खरोखरच असतो.)

दुसरी, भाषा. तुमचा निर्माता हिंदी आवृत्तीबद्दल आज बोलत नसेल, पण चित्रपट पुरा होईपर्यंत बोलणारच. इथे निवेदकाच्या आवाजाचा मोठा फायदा आहे, आणि कॉलिन्सनं तो पुरेपूर घेतला. इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्येही ती गाणी त्यानंच गायली. पडद्यावर ओठ हलत नाहीत, तेव्हा गीतकाराला फक्त अर्थ आणि वजन सांभाळायचं. पात्र गात असेल तर मात्र ओठ आडवे येतात. सगळं जुळवावं लागत नाही. दोनच गोष्टी डोळ्यांना खुपतात: ओठ मिटलेले दिसत असताना प, फ, ब, भ, म यांतलं काही न येणं, आणि लांबवलेल्या सुरात तोंड उघडं असताना 'ई' किंवा 'ऊ' येणं. म्हणून मूळ मराठी लिहितानाच गीतकाराला सांगा की, जवळून दाखवायच्या ओळींत लांबलेला स्वर 'आ' किंवा 'ओ'वर ठेवा. 'आई', 'बाळा', 'जा', 'ये ना' यांतला 'आ' भाषांतरात हजार वाटांनी सुटतो. 'ई'वर सूर लांबवलात तर हिंदीवाला तुम्हाला शिव्या देईल, कारण त्याला त्या जागी 'ई'चाच शब्द शोधत बसावं लागेल. टर्कचा धांगडधिंगा आठवा: तिथे बहुतेक निरर्थक बोलांची स्कॅट-गायकी आहे, जी कुठल्याही भाषेत तशीच चालते. तुमच्या पाचांतलं एक गाणं असं ठेवा. ढोलकीचे, हलगीचे बोल तोंडानं म्हणणारं पिल्लू मला तर आत्ताच दिसतंय.

तुमच्या चित्रपटाला हे लावलं तर माझी मांडणी अशी असेल. अंगाई आईच्या आवाजात सुरू, मध्ये गायकाकडे. धांगडधिंगा पिल्लांचा. प्रवासाचं गाणं निवेदकाचं, कारण तिथे काळ उडी मारतो आणि कुणाच्या तोंडी ओळी घालण्यात अर्थ नसतो. पिल्लाला स्वतःबद्दल काही उमगतं ते गाणं पिल्लाचंच, तिथे नामवंत गायकाला फिरकू देऊ नका. पाचवं गाणं पूर्ण सोडून द्या, त्याऐवजी अंगाईची मोठी आवृत्ती शेवटच्या पाट्यांवर. निर्मात्याला पोस्टरवर गायकाचं नाव मिळतं, दिग्दर्शकाला आई मिळते.

करारनाम्याचंही बोलून ठेवा, तोही गायक ठरण्याआधी. 'द लायन किंग'मध्ये लहान सिंबाची गाणी गायलेल्या जेसन वीव्हरनं जाहीरपणे सांगितलंय की त्याला आधी वीस लाख डॉलर एकरकमी देऊ केले होते. त्याच्या आईनं ते नाकारून एक लाख आणि पुढच्या विक्रीतला वाटा मागून घेतला. आपल्याकडे २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून गाण्याच्या इतर वापराच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा वाटा आहे, आणि तो हक्क सही करून सोडून देता येत नाही. 'सर्व हक्क निर्मात्याकडे' असं छापलेल्या कागदावर सही करायला सांगतील, तेव्हा हे तोंडावर सांगा आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व आधीच घेऊन ठेवा. दोन आवृत्त्या असतील तर दोन्हींची नोंद वेगळी करा. त्यांचे गायक वेगळे, ध्वनिमुद्रणं वेगळी, आणि उद्या रीलवर चालेल ती कुठली हे आज कुणालाच सांगता येणार नाही. हिंदी आवृत्तीही त्याच गायकानं गायची असेल तर मराठीच्या तारखांसोबतच त्या तारखाही लिहून घ्या. नंतर मागितल्या की वेगळं मानधन लागतं आणि तोपर्यंत त्याचा गळा दुसऱ्या कुणाच्या गाण्यात अडकलेला असतो.